भोंग्याचा घास

मिक्सर बंद झाला तेव्हा तिला खोकला ऐकू आला. तिच्या चार वर्षांच्या मुलाचा खोकला जन्मापासूनच भोंग्यासारखा, म्हणून घरात सगळे त्याला भोंग्या म्हणत. पण हा आवाज वेगळा होता, दबलेला. हातातलं टाकून ती बाहेर धावली.

भोंग्या टेबलाशी ताठ बसला होता. डोळे विस्फारलेले, तोंडातून लाळेची धार. शेजारी नणंद सफरचंद कापत होती.

"काय दिलंत त्याला?"

"एक फोड दिली. विष नाही दिलं." नणंदेने सुरी खाली ठेवली नाही. "एवढा घोडा झाला तरी सगळं वाटून भरवतेस. दात काय शोभेला आलेत त्याला?"

"जन्मला तेव्हा अन्ननलिका तुटकी होती त्याची. टाके घालून जोडलीय, वन्सं. जोडलंय तिथे अरुंद आहे. किती वेळा सांगायचं?"

"जोडलीय ना? मग झालं तर! आमच्या घराण्यात कुणाला असलं काही नव्हतं. तूच बाऊ करून ठेवलायस."

नणंदेने पाण्याचा पेला त्याच्या तोंडाशी नेला. "पाणी नको, श्वासात जाईल!" आईने तो फटक्यासरशी उडवला. पोराला काखोटीला मारलं आणि फुटलेल्या पेल्याच्या काचांवरूनच ती अनवाणी बाहेर पडली.

डॉक्टरांनी भूल देऊन, तोंडातून दुर्बीण घालून फोड काढली. "थोडक्यात निभावलं," ते म्हणाले. "उद्यापासून पातळ द्या."

दुसऱ्या दिवशी नणंद दवाखान्यात आली.

"बघ, धडधाकट आहे की! राईचा पर्वत केलास नुसता. माझ्या भावाला बिचाऱ्याला कामावरून पळत यायला लावलंस."

आईने वाटीतलं कोमट सूप चमच्यात घेतलं.

"भोंग्या, आ कर."

भोंग्याने चमच्याकडे पाहिलं आणि दोन्ही तळवे तोंडावर घट्ट दाबले.

"गिळायला सोपं आहे रे, राजा. पाण्यासारखं."

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. तान्हा असताना त्याचं दूध नळीनेच पोटात जायचं; तोंडात आलेलं गिळायचं असतं, एवढंच त्याला शिकवण्यात आईची दोन वर्षं गेली होती. बोटाने थेंब चाखवत, गाणी म्हणत, रडत.

"भूक लागली की खाईल झक मारत," नणंद म्हणाली.

आई उठली. वाटी नणंदेच्या हातात दिली. खुर्ची पलंगाशी ओढली.

"बसा, वन्सं. वेळ लागतो."