तीन हॉर्न

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सावळघाटाच्या उतारावर लखनच्या पिकअपचा ब्रेक गेला. पेडल तळाला टेकलं ते वर आलंच नाही.

मागच्या हौद्यात द्राक्षतोडीवरून पेठला परतणाऱ्या चौदा बायका होत्या. केबिनमध्ये त्यांची मुकादम, सविता. लखननं हँडब्रेक ओढला. तो नुसताच वर आला. तिसरा गिअर पडला, दुसरा पडेना. उजवीकडे दरी, समोरून घाट चढणाऱ्या गाड्या. त्यानं हॉर्न दाबला आणि दाबूनच ठेवला.

"खडीत घाल," सविता म्हणाली.

चौथ्या वळणानंतर डाव्या हाताला रस्त्याच्या कामाची खडी पडली होती. गाडी अडेल अशी तेवढीच जागा. ढिगामागे लखनच्या आईचं घर.

रोज या वेळी लखन वरून तीन हॉर्न देई. ते ऐकून त्याची आई भागीबाई चहाची बाटली घेऊन निघे. ती ठेंगणी. ढिगाशी पायरीसारखा एक मोठा दगड तिनं ठेवला होता. त्यावरून ती खडीवर चढे, तेव्हा कुठं तिचा हात खिडकीला पुरे. "बाळाची बाटली आली," मागून बायका ओरडत.

दोन वळणं गेली. लखननं हॉर्नवरचा हात काढला.

"वाजव ना. समोरून गाड्या हायेत."

"वाजवला तर आई खडीवर येईल, मावशे."

सविता म्हणाली, "लखन, तू वरपासून वाजवतोयस."

चौथ्या वळणावर मावळतीचं ऊन थेट काचेवर आलं. ढीग दिसला. त्यावर कुणी आहे का, ते दिसेना. मागे बायका एकमेकींना धरून खाली बसल्या होत्या. लखननं स्टेअरिंग डावीकडे ओढलं.

सहा चौदाला पिकअप खडीत घुसून थांबली. दोघींचे हात मोडले, एकीचं डोकं फुटलं. चौदाही जणी जिवंत होत्या.

लखन घरात धावला. घर रिकामं होतं. चुलीवर चहा उकळत होता. तो परत आला आणि बोनेटखालची खडी हातांनी उपसू लागला. सविता आली. ज्यांचे हात चालत होते, त्या बायकाही आल्या.

खालच्या वळणाकडून एक ट्रकड्रायव्हर धावत वर आला. तिथं सात गाड्या उभ्या आहेत, तो म्हणाला. एका म्हातारीनं रस्त्यात आडवं उभं राहून थांबवल्या. "म्हणाली, माझ्या पोराचे तीनच हॉर्न असतात. आज हॉर्न थांबंना. गाडी ऐकत नाय त्याची."

लखन उभा राहिला. "मग ती खाली हाय?"

"नाय. परत वर पळाली. पोरगं खडीतच घालंल म्हणाली. तिथं माझा दगड हाय, चाक त्याच्यावर चढलं तर गाडी दरीत जाईल."

लखननं वळून पाहिलं. दगड ढिगाशी नव्हता. दहा पावलांवर, गटारात ढकललेला होता.

सव्वासातला निम्मी खडी उपसून झाली होती. भागीबाई अजून सापडली नव्हती.