एका वर्षाचा साक्षीदार

"साक्षीदार कोण?" टायपिस्टने मान वर न करता विचारलं.

"मी," कुशाबा म्हणाला आणि त्याने सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

भोईवाड्याच्या कोर्टाबाहेर, झाडाखालच्या टेबलाशी, उत्तम त्याच्या शेजारी उभा होता. गेल्या वर्षी तो बारावी झाला. माटुंग्याच्या कॉलेजात जागाही मिळाली होती. पण बाप गिरणीच्या संपात. एक वर्ष थांबू, असं घरात ठरलं. आता कॉलेज म्हणत होतं, मधल्या वर्षात काय केलंस ते कोर्टाच्या कागदावर आण, आणि घरचा नसलेला एक माणूस साक्षीला आण.

सकाळी उत्तम दारात आला तेव्हा कुशाबाला खरंच वाटेना. लालबागच्या त्या चाळीत त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं. उत्तमचा बाप जयवंत तर नाहीच. संप चालू असताना चोरून कामावर गेलेल्यांच्या गिरणीच्या पासांचे नंबर जयवंतनेच नाक्यावरच्या फळ्यावर लिहिले होते. त्यात कुशाबाचा नंबर होता.

"अरे, मी चार महिने गावाला भातशेतीत होतो!" कुशाबाने तेव्हा जयवंतला सांगितलं होतं.

"गावाला जातो सांगून आत राहिलास. हजेरीत नंबर तुझाच आहे. नव्हता गेलास तर दाखव पास, आत गेलेल्याच्या पासावर रोज खूण पडते. पासाशिवाय गेटातून माशी आत जात नाही."

पास पत्र्याच्या पेटीत असायचा. तिथे तो नव्हता. बायको, सुभद्रा, खाली बघत म्हणाली, "मी शेगडीत घातला. गिरणीचा राग आला, घातला."

त्या दिवसापासून कुशाबाने तिच्याशी बोलणं टाकलं. ताट समोर आलं की जेवायचा, एवढंच. मार्चमध्ये ती तापाने गेली तोवर तसंच चाललं.

शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "उत्तमला कॉलेजात जाऊ दे. त्याच्यावर रागावू नका हो." तो जयवंतचा मुलगा, म्हणून म्हणत असेल, असं कुशाबाला वाटलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. उत्तम तिच्याच हातचं खाऊन वाढला होता. कुशाबा तेव्हाही काही बोलला नाही.

खांदा द्यायला तिघे गाववाले माझगावहून आले. चाळीतून एकटा उत्तम उतरला, बापाच्या डोळ्यांदेखत.

नंतर तिच्या कुंकवाच्या डबीखाली कुशाबाला स्वतःचा फोटो सापडला. पासावरून सोलून काढलेला, कोपऱ्यात गिरणीच्या जांभळ्या शिक्क्याचा तुकडा. पास जाळताना तिने नवऱ्याचं तोंड तेवढं वाचवलं होतं. त्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून रडला. तेव्हापासून फोटो त्याच्या खिशात असायचा.

"वर्षभर काय केलंस?" टायपिस्टने उत्तमला विचारलं.

"कॉटन ग्रीनला. गोदामात कापसाच्या गाठी उचलायला."

"आठवडा आठवडा तिथंच झोपायचा," कुशाबाने कौतुकाने भर घातली. "मी गावाहून आलो तर याच्या केसांत हा कापूस! माझी बायको फणीने काढत बसलेली."

"हमाली नोकरीत धरत नाहीत, मामा." टायपिस्टने खडखड केली आणि वाचून दाखवलं. या वर्षात उत्तमने कोणत्याही कारखान्यात वा कचेरीत नोकरी केली नाही, आणि हे साक्षीदाराला स्वतःला माहीत आहे.

कुशाबाने सावकाश, एकेक अक्षर लावत सही केली. किती दिवसांनी कोणीतरी त्याचा शब्द मागितला होता.

"कोर्टात चालतो बघ माझा शब्द," तो म्हणाला. "सांग तुझ्या बापाला!"

उत्तम हसला नाही. "बाबांनी साक्षीला शाळेतल्या हेरंबमास्तरांकडे जा म्हणून सांगितलं होतं, काका. मीच तुमच्याकडे आलो."

"का रे?"

उत्तमने हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"फोटो द्या," टायपिस्ट म्हणाला.

उत्तमचा चेहरा उतरला. "फोटो पण लागतो? होते ते कॉलेजच्या फॉर्मला लावले. नंतर आणून देतो."

"नंतर कधी? उद्या रविवार. सोमवारी कॉलेजात द्यायचंय म्हणतोस ना?"

"अरे, असेल एखादा कुठंतरी," कुशाबा म्हणाला. एवढ्यासाठी पोराचं आणखी एक वर्ष जायला नको. त्याने उत्तमच्या हातातली पिशवी घेतली आणि आतली वही काढून झटकली.

"काका, राहू दे. काका, नको ना—"

वहीतून एक फोटो टेबलावर पडला. उत्तमचाच होता.

"बघ, मिळाला की नाही!" कुशाबा म्हणाला.

टायपिस्टने तो उचलला, उजेडात धरला आणि कुशाबापुढे परत टाकला.

"हा नाही चालणार, मामा. कुठल्यातरी पासावरून सोललेला आहे. हे बघा, कोपऱ्यात गिरणीचा जांभळा शिक्का."