फूट फॉल्ट

"फूट फॉल्ट!"

सर्व्हिस करताना पाय रेषेला लागल्याची, दुसऱ्या सेटमधली ही चौथी हाक होती. रेफरी मार्तंडराव दाते यांनी चहाचा कप टेबलावर आपटला आणि ते तंबूतून बाहेर आले.

सकाळपासून त्यांचं डोकं फिरलेलं होतं. जानेवारीच्या दवाने हिरवळ ओली राहिली म्हणून खेळ दीड तास उशिरा सुरू झाला. दोन नंबरच्या कोर्टचं जाळं दोनदा सैल पडलं. जेवायला गेलेले तीन लाइन्समन परत आलेच नाहीत. पुण्याहून निघताना त्यांना सांगितलं होतं, नागपूरचा टेनिस क्लब जुना आहे, ग्रास कोर्ट उत्तम आहेत, तुम्हाला काही बघावं लागणार नाही.

बेसलाइनच्या टोकाला, खुर्चीवर, पांढरी टोपी घातलेले एक वयस्क गृहस्थ ताठ बसले होते. हाक त्यांचीच होती. क्लबमध्ये लहानथोर सगळे त्यांना बापूजी म्हणत. सर्व्हिस करणारा श्रीधर, चोवीस वर्षांचा नागपूरचाच खेळाडू, त्यांच्यासमोर उभा होता.

"बापूजी, पाय कुठं लागला? दाखवा ना मले."

"बुटाले पाहा."

श्रीधरने पाहिलं नाही. मार्तंडरावांनी पाहिलं. डाव्या बुटाच्या टोकाला रेषेचा चुना लागला होता.

"हा पहिल्या सेटचा आहे!"

"पहिल्या सेटचा मी तुले पुसाले लावला होता," बापूजी म्हणाले.

दोरीपलीकडे गांधीबागेतले कापडवाले दुकानं नोकरांवर सोपवून बसले होते. "ओ टोपीवाले काका," त्यांतला एक ओरडला, "मद्रासवाल्यानं इडली खिलवली का गा?"

हशा पिकला. जाळ्यापलीकडचा मद्रासचा खेळाडू टॉवेलने मान पुसत आकाशाकडे बघत राहिला. बापूजी हलले नाहीत.

क्लबचे सेक्रेटरी मनोहरराव धावत आले. मार्तंडरावांनी त्यांना बाजूला घेतलं.

"हे काय चाललंय? इतका कडक फूट फॉल्ट कुणी देत नाही. दुसरा माणूस बसवा."

"कुठून आणू साहेब? ते तिघं तर जेवून झोपले असतील."

"या गृहस्थांचं त्याच्याशी काही वाकडं आहे का?"

"बापूजींचं? छे हो." मनोहररावांनी कपाळावरचा घाम टिपला. "ते असेच आहेत. मागच्या वर्षी माझ्या मेव्हण्याले सात दिले. बायको अजून बोलत नाही त्यांच्याशी."

"म्हणजे त्यांना कुणाचं सोयरसुतक नाही."

मनोहररावांनी एकवार श्रीधरकडे पाहिलं. "तसंच समजा," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "श्रीधरचं मात्र वाईट वाटते. पात्रता फेरीचा हा शेवटचा सामना. जिंकला तर उद्या मुख्य स्पर्धेत, पुढं कलकत्ता, दिल्ली. हरला तर सोमवारपासून मौद्याच्या तहसील कचेरीत कारकून. घरी तसं ठरलं आहे. आईनं भांडून भांडून चार वर्षं मिळवून दिली त्याले. आता तीही थकली."

मार्तंडराव श्रीधरकडे गेले.

"तुझी हरकत असेल तर मी त्यांना उठवतो. त्या खुर्चीत स्वतः बसतो. बोल."

श्रीधरने बापूजींकडे पाहिलं. बापूजी रेषेकडे पाहत होते.

"नको साहेब. राहू द्या."

"का?"

"यायले उठवून जिंकलो, तर जिंकलो असं कोण म्हणंल?"

मार्तंडरावांनी दोन्ही हात हवेत उडवले. या गावात मदत करायचीही सोय नव्हती.

श्रीधर रेषेमागे वीतभर सरकून सर्व्हिस करू लागला. सर्व्हिसचा जोर कमी झाला, पण दुसरा सेट त्याने ओढूनताणून जिंकला. तिसऱ्यात पाच-सहा, तीस-चाळीस. पहिली सर्व्हिस जाळ्यात गेली. आता दुसरी चुकली की सगळं संपलं.

त्याने चेंडू उंच उडवला आणि वीतभराचा हिशेब विसरून अंग झोकून दिलं. चेंडू कोपऱ्यात पडून गवतावरून घसरला. मद्रासवाल्याची रॅकेट तिथे पोचलीच नाही. टाळ्या सुरू झाल्या.

"फूट फॉल्ट!"

या वेळी मार्तंडराव बेसलाइनच्या अगदी सरळ रेषेत उभे होते. त्यांनी पाहिलं होतं. बुटाच्या टोकाखाली चुना दबला होता, केसभर. हाक खरी होती. त्यांनी स्वतः ती दिली नसती.

कापडवाल्यांनी दोरी तोडली. कुणीतरी खुर्ची उलटवली, बापूजींची टोपी हिरवळीवर पडली. मार्तंडरावांनी त्यांना दंडाला धरून तंबूत आणलं आणि दाराशी स्वतः उभे राहिले. तासाभराने गर्दी पांगली.

"आता जा तुम्ही," ते वैतागून म्हणाले. "मागच्या फाटकाने जा. आणि उद्या येऊ नका, हात जोडतो."

बापूजींनी टोपी झटकली, डोक्यावर ठेवली आणि पुढच्याच फाटकाकडे चालू लागले. तिथे श्रीधर उभा होता. मार्तंडराव धावले.

"श्रीधर! खबरदार, हात लावशील तर!"

श्रीधरने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्याने भिंतीला टेकवलेली सायकल काढली, रॅकेट हँडलला अडकवली आणि टॉवेलने कॅरिअर पुसलं.

"बसा मागं," तो बापूजींना म्हणाला. "अन् घरी गेल्यावर आईले तुम्हीच सांगा."