नाकावरची टोपी

जुन्या विमानाच्या नाकावर पत्र्याची टोपी बसवायचा मान माझा होता, कारण ती मीच ठोकून घडवली होती. विमान पुन्हा उडवायच्या दिवशी चिरंजीवांनी जमलेल्या पाहुण्यांदेखत ती माझ्या हातात दिली. सवयीने आतून बोटं फिरवली आणि थबकलो. मी डावखुरा, माझे ठोके डावीकडे वळत जातात. हे उजवीकडे वळले होते. "ही माझी नाही." "हळू बोला, बाबा," चिरंजीव कानाशी पुटपुटले. "तुमचा हात थरथरतो आता. तुमच्या टोपीला बारीक तडा गेला होता. तडकलेला पत्रा आकाशात पाठवू का?" टोपी बसवली. टाळ्या पडल्या. "बाबांच्या हातची!" चिरंजीव सगळ्यांना सांगत सुटले. हात धुवायला शेडमागे गेलो. बेसिनच्या गळक्या पाइपखाली, दोन विटांच्या बेचक्यात, माझी टोपी उताणी ठेवली होती. पाणी काठाला टेकलं होतं. वाकून खाली हात फिरवला. फरशी कोरडी ठणठणीत होती.