पान सातवरची सूचना

मुद्रितशोधक असल्यामुळे कुठलंही माहितीपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. पायांतून सौम्य वीज सोडून चरबीही मोजणाऱ्या नव्या वजनकाट्यावर बायको मोजे घालून उभी राहिली की तो ओरडायचा, "अगं, अनवाणी! आणि चहाच्या आधी! नाहीतर चरबीचा आकडा खोटा येतो."

"येऊ दे खोटा, जरा कमी तरी येईल!"

तिला दिवस राहिल्याचं कळलं, तेव्हा त्यानं पान सात मोठ्यानं वाचून दाखवलं, "गरोदर स्त्रियांनी यावर उभं राहू नये," आणि काटा कपाटावर ठेवून दिला. "सुटले बाई!" म्हणत ती खळखळून हसली.

पाचव्या महिन्यात ती दवाखान्यातून घरी आली. दुसऱ्या सकाळी चहा न घेताच, अनवाणी, कपाटापाशी उभी होती.



"काटा खाली काढून दे. आता मी उभी राहिले तरी चालतं."