सळसळत गेलेला अग्निगोळा

बायको जन्मांध. त्यामुळे लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी गॅलरीत बसून तिला रस्त्यावरचं जग सांगायचं काम नवऱ्याकडे होतं. या एकाच नोकरीतून तो अजून निवृत्त झाला नव्हता.

"समोरच्या वहिनी लाल चादर वाळत घालताहेत," तो सांगत होता, तेवढ्यात तिने मान वर केली.

"अहो, डोक्यावरून काहीतरी सळसळत गेलं. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसं. काय होतं?"

"काही नाही गं. वारा असेल."

तोच आजूबाजूच्या गॅलऱ्यांतून आरडाओरडा उठला. आकाशातून हिरवा अग्निगोळा गेला होता. भर संध्याकाळी दुपारसारखा उजेड पडला होता, म्हणे. थोड्या वेळाने गडगडाट झाला, खिडक्यांची तावदानं थरथरली आणि मग सगळं शांत झालं.

मग चाचपत तिने त्याचा हात धरला.

"कधीपासून दिसत नाही तुम्हाला?"

"वर्ष होत आलं. सांगितलं असतं, तर तुझी संध्याकाळ गेली असती."

"आणि समोरच्या वहिनींच्या चादरी?"

"मीच वाळत घालतो. मनातल्या मनात."

"तरीच. वहिनींचा संसार हल्ली फारच रंगीत झाला होता."

तो हसला. डोळे पुसत म्हणाला, "गोळा मात्र हिरवाच होता, बरं का. असा डावीकडून..."

"गप्प बसा," ती म्हणाली. "आज मी पाहिलाय. मी सांगते."