पितळी कुलूप

सिकंदराबादच्या रेल्वे वर्कशॉपमधून हिम्मतराव निवृत्त झाले, तेव्हा सोबतच्या फिटरांनी स्वतःच्या हातानं घडवलेलं एक पितळी कुलूप त्यांना भेट दिलं. अठरा वर्षं त्यांनी ते मलमलीत गुंडाळून जपलं, एकदाही कुठे लावलं नाही.

रविवारी सकाळी चहा पिता पिता मुलगा विकास म्हणाला, "बापू, वृद्धाश्रमात खोली पक्की केलीय तुमची. उद्या निघायचं. विचारत नाहीये, सांगतोय."

सून भाग्यलक्ष्मीनं मोबाईलमधून मानही वर केली नाही. थोड्या वेळानं दोघं बाजारात निघून गेले.

ज्या घराची वीट न् वीट स्वतः उभं राहून रचून घेतली होती, त्या घरात हिम्मतराव एकदा सगळ्या खोल्यांतून फिरून आले. मग मलमल सोडली आणि कुलपात दोन थेंब तेल घातलं.

दुपारी दोघं बेगम बाजारातून ऑटो भरून परतले, तर फाटकाला आतून कुलूप!

"बापू, ये क्या नाटक है? उघडा आधी!" विकास फाटक गदागदा हलवत ओरडला. "गादी, बादली, ताट... सगळं तुमचंच सामान आणलंय!"

हिम्मतराव खिडकीशी आले.

 

"राहू दे तुझ्याकडेच. भाड्याच्या घरात लागेल तुम्हाला."